"आहे तीच समिती पुढे चालू ठेवावी": स्वयंसेवी काम आणि सार्वजनिक नेतृत्व

उंबरठा (मूळ लेखन)

गेली चौदा वर्षे मी एका सार्वजनिक वाचनालयाच्या आणि त्याला जोडून चालणाऱ्या अभ्यासिकेच्या कामात स्वयंसेवक म्हणून आहे. या काळात एक गोष्ट मला सतत खुपत आली आहे. ती एकदा सविस्तर मांडावी आणि ज्यांनी अशा कामात वर्षे घालवली आहेत त्यांचे अनुभव ऐकावेत, म्हणून हा धागा काढत आहे.

दोन प्रसंग सांगतो. दोन्ही एकाच वर्षातले आहेत आणि त्यांतली माणसेही तीच आहेत. पावसाळ्यात एका रात्री वाचनालयाच्या खालच्या खोलीत पाणी शिरू लागले. पहाटे पाचला निरोप गेला आणि सहाच्या सुमारास अडतीस जण हजर झाले. जिन्यावर पायरीला एक याप्रमाणे सगळे उभे राहिले आणि पुस्तके हातोहात वर जाऊ लागली. खालच्या माणसाच्या पोटऱ्यांपर्यंत पाणी होते, तरी त्याची जागा घ्यायला दर अर्ध्या तासाने कोणीतरी न सांगता उतरत होते. भिजलेल्या पुस्तकांच्या पानांमध्ये वर्तमानपत्राचे तुकडे घालायचे, ते ओले झाले की बदलायचे, हे काम पुढे तीन दिवस चालले. ज्यांना रजा मिळाली नाही ते रात्री आले. कोणी हुकूम सोडला नाही, आणि कोणी आभाराची वाटही पाहिली नाही.

चार महिन्यांनी वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. विषयपत्रिकेवरचा पाचवा विषय नवीन कार्यकारिणीच्या निवडीचा होता. सतरा वर्षे पदावर असलेल्या अध्यक्षांनी सांगितले की प्रकृती साथ देत नाही, कोणी पुढे येत असेल तर आनंदच होईल. ते मनापासून बोलत होते, हे मला जवळून ठाऊक होते. त्या अडतिसांपैकी एकतीस जण समोर बसले होते. एकाने सभेच्या सूचनेच्या कागदाची घडी घालायला सुरुवात केली, दोघे मोबाइल पाहू लागले, कोणी पंख्याचा वेग वाढवायला उठले. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "आहे तीच समिती पुढे चालू ठेवावी." सूचक मिळाला, अनुमोदक मिळाला, टाळ्या वाजल्या. या सगळ्याला एक मिनिटही लागले नाही. त्या शांततेत मीही होतो आणि माझीही मान खाली होती.

तेव्हापासून मला वाटू लागले की सार्वजनिक नेतृत्वाच्या अवस्थेबद्दल आपण जी तक्रार करतो तिचे एक मूळ या एका मिनिटात आहे. नेतृत्व आभाळातून पडत नाही. सभा वेळेवर सुरू करून वेळेवर संपवणे, न पटलेले मतही इतिवृत्तात जसेच्या तसे लिहून घेणे, हिशेब चारचौघांत मांडून आडव्यातिडव्या प्रश्नांना न चिडता उत्तरे देणे आणि मुदत संपली की खुर्ची सोडणे, हे सगळे कोठेतरी लहान प्रमाणावर शिकावे लागते, आणि ते शिकण्याची जागा स्वयंसेवी संस्था ही होती. आपण त्या संस्थांमधले श्रम तेवढे टिकवले आणि जबाबदारीचा भाग सोडून दिला. वरच्या पातळीवर माणसे मिळत नाहीत याचे आश्चर्य मला आता वाटत नाही, कारण खालची पायरी आपणच मोकळी ठेवली आहे.

पूर्वी ही पायरी किती गांभीर्याने बांधली गेली होती याचे एक उदाहरण देतो. २ एप्रिल १८७० रोजी पुणे सार्वजनिक सभा स्थापन झाली. तिचा सभासद होण्यासाठी वर्गणी किंवा प्रतिष्ठा पुरेशी नव्हती, किमान पन्नास माणसांच्या सह्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. सुरुवातीचे ९५ सभासद सुमारे सहा हजार लोकांच्या वतीने बसले होते. हे सगळे बिनपगारी काम होते, मतदानाचा हक्क सामान्य माणसाच्या स्वप्नातही नव्हता, आणि तरीही "मी कोणाच्या वतीने बोलतो आहे" या प्रश्नाचे उत्तर प्रत्येकाला खिशात कागदावर ठेवावे लागत होते. १८७६ पासूनच्या दुष्काळात याच सभेने गावोगावची माहिती गोळा करून सरकारपुढे मांडली. पुढे १८९० मध्ये गोपाळ कृष्ण गोखले या सभेचे चिटणीस झाले तेव्हा त्यांनी पंचविशीही गाठली नव्हती. त्याच गोखल्यांनी १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, आणि त्यात येणाऱ्या सदस्यासाठी पाच वर्षांची उमेदवारी ठेवली. देशाचे काम करू इच्छिणाऱ्याने आधी पाच वर्षे शिकावे, असे त्यांना वाटत होते. आज आपण स्वयंसेवकाला टी-शर्ट देतो आणि दिवस संपला की प्रमाणपत्र देतो.

माझा प्रश्न असा आहे की श्रमाला येणारा माणूस जबाबदारीला का येत नाही? तो आळशी नाही, हे मी जिन्यावर पाहिले आहे. मग त्याला अडवते काय?

नवखा

माझे वय तेवीस आहे आणि तीन वर्षांपासून मी एका गटाबरोबर झाडे लावणे, ती जगवणे आणि उन्हाळ्यात त्यांना पाणी घालणे हे काम करतो. आपल्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर सोपे आहे: आम्हाला कोणी विचारलेले नाही.

गेल्या वर्षीच्या बैठकीत मी हात वर करून विचारले की लावलेल्या झाडांपैकी जगलेली किती, आणि ती संख्या आपण अहवालात का देत नाही. मी स्वतः एका पट्ट्यातली मोजली होती, ४०० पैकी १३० जगली होती. मला उत्तर मिळाले की आधी चार-पाच वर्षे काम कर, मग बोल. आवाज चढला नव्हता, उलट प्रेमाने सांगितले. पण त्या दिवसापासून माझ्या बरोबरीच्या कोणी बैठकीत तोंड उघडले नाही. आम्हाला खड्डे खणायला बोलावतात, खुर्च्या मांडायला बोलावतात, छायाचित्रांसाठी पुढे उभे करतात. ठराव मांडायला बोलावत नाहीत.

महाविद्यालयात मी राष्ट्रीय सेवा योजनेत होतो. तेथे दोन वर्षांत २४० तास सेवा करावी लागते आणि ती मी आनंदाने केली. माझ्या नोंदवहीत प्रत्येक तास मोजलेला आहे. पण त्या २४० तासांपैकी एक तासही मी कोणत्याही निर्णयात भाग घेतलेला नव्हता, काय करायचे हे नेहमी आधीच ठरलेले असे. उंबरठा, आपल्या सभेत जे एकतीस जण गप्प बसले त्यांना त्याआधी कधी एखाद्या लहान विषयावर तरी मत विचारले गेले होते का? सतरा वर्षे एकच माणूस निर्णय घेत असेल तर अठराव्या वर्षी एकदम "कोण पुढे येतो" असे विचारल्यावर माणसे खालीच पाहणार.

निवृत्त लेखनिक

धागा चांगला आहे. माझी नोकरी अशा ठिकाणी झाली जेथे संस्थांची कागदपत्रे रोज हातांखालून जात, म्हणून या विषयाची एक बाजू मांडतो. ती रूक्ष आहे, पण तिच्यावाचून चर्चा हवेत राहील.

संस्थांमध्ये खुर्ची रिकामी होत नाही याचे कारण नेहमी सत्तेची हाव हे नसते. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम २२ प्रमाणे विश्वस्त बदलले, की नव्वद दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज दाखल करावा लागतो. कित्येक संस्था तो वेळेवर करत नाहीत. निवडणूक होते, पेढे वाटले जातात, आणि अर्ज राहून जातो. तीन वर्षांनी पुन्हा निवड होते, तोही अर्ज राहतो. मग एक दिवस बँक विचारते की नोंदवहीत नाव कोणाचे आहे, आणि नाव निघते बारा वर्षांपूर्वीच्या सचिवाचे, जो कधीच गाव सोडून गेलेला असतो. एखाद्या जुन्या सभासदाने हरकत घेतली तर सुनावण्या लांबतात. हे सगळे पाहिलेला माणूस मनात म्हणतो की आहे तेच चालू दे, नवे नाव घातले तर कागदांचा डोंगर उपसावा लागेल. "आहे तीच समिती" या वाक्यामागे भीतीबरोबर हा कंटाळाही असतो.

दुसरी गोष्ट स्वभावाची आहे. रॉबर्ट मिशेल्स या अभ्यासकाने १९११ मध्येच दाखवून दिले होते की समतेसाठी स्थापन झालेल्या पक्षांत आणि संघटनांतसुद्धा काही वर्षांत सूत्रे मूठभरांच्या हाती जातात, कारण माहिती, ओळखीपाळखी आणि सवय त्यांच्याकडे साचत जाते. ते जर्मनीतल्या समाजवादी पक्षाबद्दल बोलत होते, पण मला ते वाचताना आपल्याकडच्या व्यायामशाळा आणि वाचनालयेच दिसत होती. माणूस वाईट असण्याची गरज नसते. कपाटाची किल्ली, पावतीपुस्तके, देणगीदारांचे दूरध्वनी क्रमांक आणि जुन्या भांडणांची आठवण एकाच डोक्यात असली, की तो माणूस आपोआप अपरिहार्य होतो आणि काही वर्षांनी स्वतःलाही तसेच समजू लागतो.

म्हणून संस्थेच्या घटनेतच मुदत लिहावी. सलग दोन कार्यकाळांनंतर तेच पद नाही, एवढे एक कलम घातलेल्या संस्थांमध्ये मी कमी भांडणे पाहिली आहेत.

दुपारची वेळ

वरच्या तिन्ही प्रतिसादांत एक गोष्ट गृहीत धरली आहे: प्रत्येकाकडे द्यायला वेळ आहे. त्याबद्दल लिहिते.

केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात असे दिसले की घरातले बिनपगारी काम करणाऱ्या स्त्रिया दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवतात आणि ते काम करणारे पुरुष ९७ मिनिटे. २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. सभा संध्याकाळी सात वाजता ठेवली, की त्या पाच तासांतला सर्वांत मोठा तुकडा नेमका तेथे येतो. तरीही बायका काम करतात. त्या दुपारी येतात, मुलांना शिकवतात, आजाऱ्यांकडे जातात, वर्गणी गोळा करतात, आणि सातच्या सभेला त्यांच्या खुर्च्या रिकाम्या दिसतात. मग कोणीतरी म्हणते की महिला पुढे येत नाहीत.

मी एका आरोग्यविषयक काम करणाऱ्या मंडळात नऊ वर्षे इतिवृत्त लिहिले. लिहीत होते मी, सही होत होती सचिवांची, कारण पद त्यांच्याकडे होते. हे मला पहिली चार वर्षे खटकलेसुद्धा नाही. एका सभेत सचिव आले नाहीत, आणि मागच्या सभेत एका खर्चाला कोणी विरोध केला होता याची विचारणा झाली. समितीतल्या कोणालाच आठवत नव्हते. मी वही उघडून तारीख, नाव आणि कारण वाचून दाखवले. सगळे माझ्याकडे पाहत राहिले. संस्थेची स्मरणशक्ती माझ्या हातात होती आणि तिच्यावर माझे नाव कोठेच नव्हते.

त्यानंतर मी दोन मागण्या केल्या. लिहिणाऱ्याचे नाव इतिवृत्तावर यावे, आणि सभा एक आड एक दुपारी तीन वाजता व्हावी. पहिली मागणी लगेच मान्य झाली. दुसरीला आठ महिने लागले, पण पहिल्याच दुपारच्या सभेला अकरा स्त्रिया आल्या, आणि त्यांतल्या तिघी आज कार्यकारिणीत आहेत. त्यांना कोणी नेतृत्वाचे धडे दिले नव्हते, सभेचे घड्याळ तेवढे बदलले होते.

कडूनिंब

मूळ लेखकाची तळमळ मला मान्य आहे, तरी रोगाचे निदान चुकते आहे असे मला वाटते आणि ते स्पष्ट लिहितो.

वाचनालयाच्या सभेत कोणी हात वर केला नाही म्हणून सार्वजनिक नेतृत्व खालावले, ही कारणमीमांसा फारच सौम्य आहे. खरी पडझड वरून झालेली आहे. १९९३ मध्ये ७३वी आणि ७४वी घटनादुरुस्ती अमलात आली. ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले, तीन लाख किंवा त्याहून अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात असे ठरले, आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे असे शब्द अनुच्छेद २४३-ई आणि २४३-यू मध्ये लिहिले गेले. प्रत्यक्षात काय झाले? मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसला. राज्यातल्या इतर अनेक महानगरपालिका आणि जिल्हा परिषदांची तीच गत झाली. तीस वर्षांच्या तरुणाने पाच वर्षे वॉर्डात काम करून उभे राहण्याची तयारी केली असेल, तर त्याच्या उमेदीची वर्षे वाट पाहण्यात गेली. जेथे खुर्चीच काढून घेतली आहे तेथे "बसायला कोणी येत नाही" असे कसे म्हणता येईल?

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. स्वयंसेवा जितकी वाढते तितकी शासनाची सुटका होते. शाळेला शिक्षक नाही, स्वयंसेवक शिकवतो. नाला तुंबला, स्वयंसेवक उपसतो. त्याचे कौतुक होते आणि ज्याचे ते काम होते त्याला कोणी विचारत नाही. ब्राझीलमधल्या पोर्तो आलेग्रे शहराने १९८९ पासून नागरिकांना अंदाजपत्रकाच्या एका भागावर निर्णयाचा अधिकार दिला. तेथे लोक रात्री सभांना येऊ लागले, कारण त्यांनी हात वर केला की पैसा कोणत्या वस्तीकडे जाईल ते ठरत होते. अधिकार द्या, माणसे येतील. नुसत्या जबाबदारीसाठी कोण येणार?

उंबरठा

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले. नवखा यांनी विचारलेल्या प्रश्नाने मी अस्वस्थ झालो, म्हणून आधी त्याचे उत्तर देतो. नाही, विचारले गेले नव्हते. मी जुनी इतिवृत्ते काढून पाहिली. सतरा वर्षांत मतदानाला टाकलेला एकही विषय सापडला नाही, सगळे ठराव "सर्वानुमते" मंजूर झालेले आहेत. आम्हाला त्या शब्दाचा अभिमान वाटत असे.

कडूनिंब यांचे म्हणणे बरेचसे मान्य आहे. निवडणुका वर्षानुवर्षे न होणे ही लोकशाहीची थेट हानी आहे आणि तिचे उत्तर वाचनालयाच्या सभेत नाही. पण मला त्यांना एक विचारायचे आहे: त्या तीन-चार वर्षांत, आमचा प्रतिनिधी कोठे आहे असे विचारायला किती वस्त्यांमधून माणसे एकत्र आली? ज्यांना आपल्या संस्थेतली निवडणूक टाळायची सवय झालेली असते, त्यांना महापालिकेतली निवडणूक टळली तर फारसे काही हरवल्यासारखे वाटत नाही. ही सवय मला भयंकर वाटते.

अधिकार दिल्यावर माणसे येतात, हे खरे आहे. मात्र कधी कधी माणसे आधी येतात आणि अधिकार नंतर मिळतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा-लेखा या गावात ग्रामसभा वर्षानुवर्षे सर्वसहमतीने निर्णय घेत आली आहे, आणि निर्णयाआधी विषय समजून घेण्यासाठी वेगळा अभ्यासगट बसतो. "आमच्या गावात आम्हीच सरकार" ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, तो देशातल्या पहिल्या काही गावांपैकी होता. कायदा आला तेव्हा त्याचा उपयोग कसा करायचा हे ठाऊक असलेली, एकत्र बसायची सवय असलेली माणसे तेथे तयार होती. आणि त्यांची सर्वसहमती आमच्या "सर्वानुमते"सारखी नसते. एकाचीही हरकत असेल तर पुन्हा बसायचे, असा तिचा अर्थ आहे. आमच्याकडे हरकत घेणाऱ्याने गप्प बसायचे असा अर्थ होता.

सेवा आणि नेतृत्व ही वेगळ्या माणसांची कामे आहेत हेही मला पटत नाही. जोतीरावांच्या निधनानंतर सावित्रीबाई फुले यांनी सत्यशोधक समाजाचे काम पुढे नेले, १८९३ मध्ये सासवडच्या परिषदेचे अध्यक्षस्थान भूषवले, आणि १८९७ च्या प्लेगमध्ये रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने त्यांचा मृत्यू झाला. परिषदेची अध्यक्ष झालेली स्त्री रोग्याजवळ स्वतः जात होती. आपण शाळेत त्यांच्या सेवेची गोष्ट ऐकतो, अध्यक्षपदाची ऐकत नाही, आणि मला वाटते की ही निवडही आपल्याबद्दल काही सांगते.

सांगाती

मी आपत्तीच्या वेळी मदतीला जाणाऱ्यांपैकी आहे, म्हणून मैदानावरचा अनुभव सांगतो. पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी एका शाळेच्या पटांगणात मी जुन्या कपड्यांचा ढीग पाहिला. तो माझ्या डोक्याच्या वर गेला होता, खालचा थर भिजून कुजायला लागला होता आणि गाड्या येतच होत्या. शंभरावर स्वयंसेवक होते. गाडी आली की सगळे धावत, माल उतरवत आणि ढिगावर टाकत. आत वर्गात बसलेल्या बायका अंतर्वस्त्रे, सॅनिटरी पॅड आणि औषधे मागत होत्या, ती कोठेच नव्हती. "आता कपडे नकोत, गाडी परत न्या" असे सांगणारा एक माणूस हवा होता. ते वाक्य उच्चारायला दुपारपर्यंत कोणी धजावले नाही, कारण देणाऱ्याचे मन मोडायचे नसते अशी सगळ्यांची समजूत होती. शेवटी एका शाळेच्या शिपाईकाकांनी फाटकाला साखळी लावली आणि खडूने फळ्यावर काय हवे ते लिहून तो फळा बाहेर टेकवला. त्या क्षणापासून पटांगणाचे नेतृत्व त्यांच्याकडे गेले आणि कोणी त्यांना तुमचे पद काय असे विचारले नाही.

१७ जानेवारी १९९५ रोजी जपानमध्ये कोबे येथे भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे गेली आणि पुढच्या वर्षभरात दहा लाखांहून अधिक स्वयंसेवक तेथे पोहोचले, म्हणून त्या वर्षाला तेथे स्वयंसेवेचे पहिले वर्ष म्हणतात. इतक्या माणसांना कामाला कसे लावायचे हा प्रश्न त्यांनाही पडला होता. १९९८ मध्ये त्यांनी ना-नफा संस्थांसाठी वेगळा कायदा केला, आणि आता आपत्तीनंतर ठिकठिकाणी स्वयंसेवक केंद्रे उभी राहतात जेथे आधी नोंद होते आणि मग गरजेप्रमाणे माणूस पाठवला जातो. सद्भावनेला नोंदवही आणि फाटक लागते, हे ते एका मोठ्या दुःखातून शिकले.

उंबरठा, आपल्या जिन्यावर कोणी हुकूम सोडला नाही असे आपण अभिमानाने लिहिले आहे. पुस्तके वर नेण्याच्या कामात ते चालून गेले, कारण काय करायचे ते प्रत्येकाला दिसत होते. जेथे दिसत नाही, तेथे कोणाला तरी नाही म्हणावे लागते, आणि नाही म्हणणाऱ्याच्या पाठीशी बाकीच्यांनी उभे राहावे लागते. माणसे पदाला घाबरतात त्याचे कारण मला यातच दिसते. काम चुकले तर कोणी रागावत नाही, पण निर्णय चुकला तर एकट्याला धरतात.

कडूनिंब

सांगाती यांच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. मी एकदा एका संस्थेचा कोषाध्यक्ष होतो. हिशेबात साडेतीनशे रुपयांची तफावत आली, ती पुढे एका हरवलेल्या पावतीची निघाली, पण मधल्या दोन महिन्यांत मला ज्या नजरा सहन कराव्या लागल्या त्यांमुळे मी पुन्हा कोणतेही पद घेतले नाही. ही गोष्ट मी पहिल्या प्रतिसादात लिहायला हवी होती. माझे वरचे मत मी मागे घेत नाही, पण ते अपुरे होते.

निवृत्त लेखनिक

कडूनिंब, यावर साधा उपाय आहे. रोख व्यवहार दोघांनी मोजायचा, पावती तिसऱ्याने फाडायची, आणि महिन्याच्या पाच तारखेला मागच्या महिन्याचा जमाखर्च फलकावर लावायचा. वर्षातून एकदा हिशेब दाखवला की तफावतीचा संशय होतो, आणि दर महिन्याला दाखवला की ती लगेच सापडून जाते. हा नियम मुळात कोषाध्यक्षाच्या रक्षणासाठी असतो.

उंबरठा

या चर्चेचा आमच्याकडे झालेला परिणाम कळवतो. मी अध्यक्षांना हा सगळा मजकूर वाचून दाखवला. ते बराच वेळ बोलले नाहीत, मग म्हणाले, "मला वाटायचं मी ओझं वाहतोय, तुम्हा लोकांना त्रास नको म्हणून." त्यांनी स्वतः विशेष सभा बोलावली आहे, आणि ती लेखनिकांच्या सूचनेप्रमाणे घटनेत मुदतीचे कलम घालण्यासाठी आहे. वेळ दुपारी तीनची ठेवली आहे. प्रत्येक पदाला एक सहकारी असेल, जो वर्षभर बरोबर राहून शिकेल आणि ज्याला पुढच्या वर्षी पद नको असेल तर तसे सांगण्याची पूर्ण मोकळीक असेल. सहसचिवपदासाठी मी माझे नाव दिले आहे.

एका गोष्टीत मात्र मदत हवी आहे. पद सोडताना काय काय सोपवायचे याची लेखी यादी आमच्याकडे नाही. अध्यक्षांच्या घरी दोन कापडी पिशव्या आहेत आणि त्यांत काय आहे ते त्यांनाही नीट आठवत नाही.

दुपारची वेळ

पिशव्या एकट्या त्यांना उघडायला लावू नका. तुम्ही दोघे-तिघे त्यांच्या घरी जा, एक जण बाहेर काढील, एक जण वाचील आणि एक जण लिहील. आम्ही केले तेव्हा नोंदणी प्रमाणपत्र, मूळ घटना, इतिवृत्ताच्या वह्या, वापरलेली आणि कोरी पावतीपुस्तके क्रमांकांसह, बँकेची पासबुके, किल्ल्या, देणगीदारांची यादी आणि न्यायालयातल्या एका जुन्या दाव्याची कागदपत्रे निघाली, ज्या दाव्याची आमच्यापैकी कोणालाच कल्पना नव्हती. यादीच्या दोन प्रती करा आणि दोन्हींवर देणाऱ्याची, घेणाऱ्याची आणि लिहिणाऱ्याची सही घ्या. जे कागद त्यांचे खासगी निघतील ते वेगळ्या लिफाफ्यात घालून त्यांना परत द्या. आमच्या जुन्या अध्यक्षांच्या पिशवीत त्यांच्या पत्नीच्या शस्त्रक्रियेचे कागद होते. त्याच आठवड्यात त्यांनी वार्षिक सभाही घेतली होती, हे आम्हाला तारखांवरून तेव्हा कळले.

नवखा

लिहायला कोणी हवे असेल तर मी येऊ शकतो. मी आपल्या संस्थेचा सभासद नाही, पण अशी यादी कशी करतात ते मला शिकायचे आहे. आमच्या गटातही अशा पिशव्या आहेत.

उंबरठा

अवश्य या. रविवारी सकाळी दहा वाजता. पत्ता व्यक्तिगत निरोपाने पाठवला आहे.